टोपडूचं डोकं

टीव्हीखालची फळी पुसताना माझ्या हाताचा धक्का लागला आणि खेळाचा कंट्रोलर खाली पडला. पडताना त्याचं कुठलं तरी बटण दाबलं गेलं असावं. फळीवरची काळी पेटी टुंग करून वाजली, टीव्ही आपोआप लागला आणि समोर टोपडू उभा होता. पाठमोरा, नेहमीसारखा. अंगावर घोट्यापर्यंतचा राखाडी झगा, झग्यालाच जोडलेली टोपी डोक्यावरून पुढे ओढलेली, पाठीवर कधीच न उपसलेली तलवार. त्याच्यापुढे कडा आणि कड्याखाली पाणी. मी ओलं फडकं हातात धरून तसाच थांबलो. आधी वाटलं, चित्र आहे, अडकून बसलंय. मग त्याचे खांदे जरासे वर गेले आणि सावकाश खाली आले. पुन्हा वर गेले. टोपडू श्वास घेत होता. ही गेली त्यानंतर सगळा उन्हाळा जाऊन हवा गार व्हायला लागली होती, आणि इतके दिवस त्या पेटीवरचा बारीक नारिंगी दिवा मी रोज बघत होतो. मला वाटायचं, प्लगचा दिवा असेल. तो टोपडू झोपल्याचा दिवा होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

टोपडू हे नाव हिचंच. ही म्हणजे माझी बायको. औषधांनी तिचे केस गेले आणि बाहेर जाणं बंद झालं, तेव्हा जावयाने आपली जुनी खेळाची पेटी आणून लावून दिली. मी मनात म्हटलं, या वयात हे काय पोरखेळ. पण तिला तो छंद लागला. पहिल्याच दिवशी ती पडद्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "अहो, बघा, तान्ह्या बाळाचं टोपडं घालून कुठे निघालाय हा!" तेव्हापासून तो टोपडू. मी विचारलं, "पण तो बाप्या आहे की बाई?" तर म्हणे, "तुम्हाला काय करायचंय? सोयरीक जुळवायचीय का?" खेळ खरा मारामारीचा होता. ही कुणालाच मारायची नाही. लेक शेजारी बसून जीव तोडून सांगायची, "आई, तो बघ पहारेकरी, मार त्याला, मार!" ही म्हणायची, "कशाला गं? बिचारा ड्यूटीवर आहे." आणि लांबून वळसा घालून जायची. हिची सगळी नोकरी एका मोठ्या दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीत गेली. एक्स-रे डावीकडे, रक्त तपासायला दुसरा मजला, पैसे भरायला मागच्या बाजूला. खेळात कोपऱ्यात एक नकाशा यायचा, तो तिने जावयाकडून बंद करून घेतला. म्हणाली, आयुष्यभर लोकांना रस्ते सांगितले, आता मी नुसती चालणार, आणि कुठे जायचं ते कुणालाही विचारणार नाही. जावई म्हणायचा, "आई, या खेळात एवढं चालणारा माणूस जगात दुसरा नसेल."

मी तेव्हा आतल्या खोलीत मशीनवर बारीकसारीक शिवत बसायचो. मी कटर. रेनकोट बनवणाऱ्या एका कारखान्यात जन्म काढला. कापडाचे थर एकावर एक टाकायचे, वर खडूने आखायचं आणि मशीनने एकदम कापायचं. गळे, बाह्या आणि टोप्या. निवृत्त झाल्यावरही हात शांत बसत नाहीत, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पँटी आखूड करून देतो. तर मी आत बसलेला असायचो आणि बाहेरून टोपडूची पावलं ऐकू यायची. खडीवरची पावलं, कर्र, कर्र, कर्र. मध्येच गवत लागलं की मऊ व्हायची, लाकडी पूल आला की पोकळ वाजायची. ती वाजत होती तोवर ही जागी आहे, बरी आहे, हे मला मान वर न करता कळायचं. थांबली की मी उठून बघायचो. बहुतेक वेळा ती नुसती डोंगरावर उभी राहून समोर बघत असायची, आणि मला दारात बघून म्हणायची, "आहे अजून. जा, काम करा." त्या दुपारी पावलं थांबली, मी गेलो, तर ती कंट्रोलर फळीवर ठेवत होती. म्हणाली, "थोडी पडते. बंद करू नका हं. खाली उतरायला वाट आहे असं वाटतंय, उठल्यावर बघते पाण्यापलीकडे काय आहे ते." संध्याकाळी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. ती परत घरी आली नाही.

मी लेकीला फोन केला. म्हटलं, "तुझ्या आईचा टोपडू जागा झालाय." तिकडे तिने दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बाबा, कशाला हात लावू नका. मी रविवारी येते." आली ती थेट टीव्हीसमोर जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तशी. मग तिने मला समजावून सांगितलं. त्या खेळात जागोजागी दिवे असतात. दिवा लावला की तिथवरचं सगळं पेटी लक्षात ठेवते. हिने एकही दिवा कधी लावला नव्हता, पहिल्या वेशीवरचा सोडून. म्हणजे पेटीची वीज गेली, की टोपडू त्या वेशीवर जाऊन उभा राहणार. ही चालली ते सगळं पुसलं जाणार. "आणि हलवला तर?" मी विचारलं. "हलवला तर हलेल," लेक म्हणाली. "या घुंडीने चालतो, या घुंडीने आपण त्याच्याभोवती फिरून बघतो." मी म्हटलं, "मग समोरून दिसतो का? तोंड?" ती म्हणाली, "आईने एकदा फिरवून बघितलं होतं. आत काही नाही, बाबा. नुसतं काळं. बनवणाऱ्यांनी डोकं केलेलंच नाही." हे मला कसंतरीच वाटलं. आम्हीही टोप्या कापायचो त्या डोक्याशिवायच, पण त्या निदान कुणाच्या तरी डोक्यावर जायच्या. लेक निघताना पेटीवर हात ठेवून म्हणाली, "केवढी तापलीय. फार वेळ चालू ठेवू नका, झोपवून ठेवत जा. आणि फोटो काढून ठेवा की पडद्याचा." फोटो मी आधीच काढून बघितला होता. त्यात टीव्हीच्या काचेवर उमटलेली मागची खिडकी आली होती, आणि फोन धरलेला मी.

कारखान्यात एक पद्धत होती. एखादा नमुना चांगला जमला, गिऱ्हाईक पुन्हा मागेल असं वाटलं, की कपडा निघून जायच्या आधी त्याचा पॅटर्न काढायचा. जाड कागदावर आखून, कापून, भोक पाडून खिळ्याला लावायचा. कपडा जातो, फाटतो, पॅटर्न राहतो. मला दुसरं काही येत नव्हतं. मी जाड कागद घेतला, पडद्यासमोर बसलो आणि टोपडू आखायला लागलो. जे झालं ते बघून माझं मलाच हसू आलं. टोपी झाली ती सपाट, टेबलावर पसरल्यासारखी, दोन अर्धी पानं शेजारी शेजारी. झगा झाला मोजून मापून, पण त्यात कुणी उभं राहू शकलं नसतं. पुन्हा काढला, पुन्हा तेच. पडद्यावरचा खांदे हलवत होता आणि कागदावरचा दोरीवर वाळत घातल्यासारखा.

आमच्या रस्त्यावर सायकलींच्या दुकानाच्या वर मोठ्या माणसांचा चित्रांचा वर्ग चालतो. शिकवणाऱ्या बाई माझ्या लेकीपेक्षा लहान असतील, पण आवाजात जरब. माझ्याआधीपासून तिथे एक दातांचे डॉक्टर यायचे. ते फक्त आपला कुत्रा काढायचे, आणि प्रत्येक कुत्र्याचे दात फार सुरेख असायचे. मी माझा कागद बाईंपुढे ठेवला आणि म्हटलं, "मला हा एवढा एकच शिकायचाय. बाकी सफरचंद, सुरई काही नको." त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला. "हा कोण?" "व्हिडिओ गेममधला आहे." डॉक्टर वळून बघायला लागले. बाई हसल्या नाहीत. "सगळीकडे दुहेरी रेघ का काढलीत?" मी बघितलं, तर खरंच. प्रत्येक रेघेबाहेर बोटभर अंतरावर दुसरी बारीक रेघ. मी म्हटलं, "ती माया. शिलाईत जाते. नाहीतर लहान होईल." "कोण लहान होईल?" "टोपी." "मास्टर," बाई म्हणाल्या, आणि तेव्हापासून वर्गात मी मास्टरच झालो, "इथे काही शिवायचं नाहीये. आणि टोपी नंतर. आधी डोकं काढा." मी म्हटलं, "याला डोकं नाहीये. बनवणाऱ्यांनी केलंच नाही. माझ्या मुलीने सांगितलंय." त्यावर बाई म्हणाल्या, "त्यांनी नसेल केलं. तुम्हाला करावं लागेल. नाहीतर कापड कशावर थांबणार?"

मग त्यांनी मला डोकं काढायला बसवलं. अंड्यासारखा गोल, त्यावरून उभी आडवी रेघ, खाली मान, मानेखाली खांद्यांची रेघ. मग त्यावर टोपी. मला टोपी लगेच जमायची. कापड कुठे ताणतं, कुठे घडी पडते, ते हातातच होतं. डोकं जमायचं नाही. मी घाईघाईने गोल काढायचो आणि वर टोपी चढवून मोकळा व्हायचो. बाई येऊन बोटाने दाखवायच्या, "हे डोकं नाही, हा फुगा." दुसऱ्या वेळी, "हा नारळ." डॉक्टर म्हणाले, "मास्टर, तुम्ही निदान फळांपर्यंत आलात, मी अजून पहिल्याच कुत्र्यावर आहे." असे बरेच दिवस गेले. घरी मी रोज दुपारी पेटी जागी करायचो, तासभर बघत काढायचो, पंखा घरघरायला लागला की झोपवायचो. डोळे मिटून हिचं डोकं आठवायचा प्रयत्न केला, कारण एखादं डोकं तर हवंच होतं, दुसरं कुणाचं आणणार? पण मला तिच्या केसांचा अंबाडा दिसायचा. पिना दिसायच्या. शेवटचा दवाखान्यातला निळा रुमाल दिसायचा. ज्या ज्या गोष्टी डोक्यावर होत्या त्या सगळ्या दिसायच्या. डोकं दिसायचं नाही. इतकी वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाचं डोकं आपल्याला आठवू नये, याची मला भीती वाटायला लागली. हे मी कुणाला बोललो नाही.

एकदा मी वर्गात मानेची रेघ ओढत होतो आणि बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "श्वास घ्या, मास्टर." मी म्हटलं, "घेतोय की." "नाही. रेघ ओढताना तुम्ही श्वास रोखता. म्हणून रेघ अशी ताठ येते." माझा हात जागच्या जागी थांबला. हे मला आधी कुणीतरी सांगितलं होतं, याच शब्दांत. केस गेल्यावर हिचं डोकं गार पडायचं. बाजारातल्या टोप्या टोचायच्या. ती म्हणाली, "एवढे लोकांना रेनकोट कापून दिलेत, मला एक टोपडूसारखं शिवून द्या, मऊ." मी टेप घेऊन तिच्या मागे उभा राहिलो. ती स्टुलावर, पाठमोरी, खिडकीकडे तोंड करून. मी आयुष्यात इतक्या टोप्या कापल्या, पण डोक्याचं माप कधी घेतलं नव्हतं. आमची मापं तक्त्यावरून यायची, लहान, मधलं, मोठं. मी टेप तिच्या कपाळावर ठेवून वरून मागे नेला, मानेच्या खळगीपर्यंत. मग कानांवरून आडवा. टाळू जराशी चपटी होती, ते मला तेव्हा कळलं. मागे उजव्या बाजूला डोकं किंचित जास्त फुगीर होतं. कानामागे एक तीळ होता, तो केसांत इतकी वर्षं लपून राहिला होता, तिलाही माहीत नव्हता. "तीळ आहे इथे," मी म्हटलं. ती म्हणाली, "असू दे, आता काय भाग्य उजळायचंय?" आणि मग हसत, मान न हलवता, "तुम्ही माप घेताना श्वास रोखता. मघापासून ऐकतेय. घ्या हो श्वास, मी कुठे पळून चाललेय का?" मी श्वास सोडला आणि तो तिच्या उघड्या मानेला लागला. तिने खांदे आक्रसले आणि म्हणाली, "गार."

मी बाईंना म्हटलं, "मला नवीन कागद द्या." त्या दिवशी मी टोपी काढलीच नाही. पाठमोरं डोकं काढलं, केस नसलेलं. टेप जसा फिरला होता तशी पेन्सिल फिरवली. चपटी टाळू, उजवीकडचा फुगीरपणा, मानेची खळगी, कान, कानामागे तीळ. चित्र काही फार चांगलं आलं नाही. एक कान वर गेला होता. पण मी कागद लांब धरला आणि मला ती स्टुलावर बसलेली दिसली. डॉक्टरांनी बघितलं आणि आपलं रबर माझ्याकडे सरकवलं. बाई म्हणाल्या, "कान खाली घ्या." मी खाली घेतला.

त्याच आठवड्यात आमच्या इमारतीच्या जिन्यात सूचना लागली. जुन्या वायरी बदलायच्या होत्या, सोमवारी सकाळपासून सगळ्या इमारतीची वीज बंद. मी जावयाला फोन केला. तो गरीब माणूस, त्याने खूप डोकं चालवलं, बॅटरीवर ठेवता येईल का, शेजारच्या इमारतीतून वायर ओढता येईल का. मागून लेकीचा आवाज आला, "अरे, किती दिवस ओढणार तू वायर?" मग तिने फोन घेतला. म्हणाली, "बाबा, ते चित्र आहे. आई नाहीये ती." मी म्हटलं, "माहीत आहे गं." "मग कशाला असं करताय? रोज तासभर तिच्या पाठीकडे बघत बसता." मी म्हटलं, "रागावू नको. सोमवारी सकाळी लवकर ये." ती म्हणाली, "मी रागावले नाहीये." मग नाक ओढून म्हणाली, "मला पण कामाच्या मधेच आठवतं ना, आई तिथे कड्यावर उभी आहे. बरं वाटतं. तेच वाईट आहे."

शनिवारी वर्गात मी शेवटचा कागद घेतला. आधी डोकं. मग खांदे, जसे ते श्वास घेऊन वर गेल्यावर असतात तसे, खाली आल्यावरचे नाही. मग त्यावर टोपी, आणि टोपीखाली झगा. या वेळी कापड आपोआप थांबलं. टाळूवर टेकलं, उजवीकडे जरा ताणलं, मानेमागे त्याची एक घडी पडली, ती पडद्यावरच्या टोपडूला नाही. बाहेरची दुहेरी रेघ कुठेच आली नाही. बाई म्हणाल्या, "आता आतलं खोडा. डोक्याच्या रेघा दिसतायत कापडातून." त्यांचं बरोबर होतं. मी रबर हातात घेतलं. मानेची रेघ खोडली, एक कान खोडला, टाळू खोडली. टोपी तशीच राहिली, ढळली नाही. मला वाटलं होतं मला खोडवणार नाही. पण डोकं आत आहे हे आता कापडावरून कळत होतं. फक्त तिळापाशी हात थांबला, आणि बाई दुसरीकडे बघायला लागल्या. तो एवढा ठिपका टोपीवर राहिला. डॉक्टर म्हणाले, "डाग पडलाय तिथे, मास्टर." मी म्हटलं, "हो."

सोमवारी लेक आली तेव्हा जिन्यात वायरमन शिड्या लावत होते. चित्र मी जाड कागदावर चिकटवून, भोक पाडून खिळ्याला लावलं होतं, टीव्हीच्या वर. तिने ते बघितलं. जवळ जाऊन, मग लांब जाऊन. "हे तुम्ही काढलं?" "मग काय वायरमनने?" ती हसली आणि लगेच डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. "चहा टाकते," आतून म्हणाली, "वीज जायच्या आत."

मी पेटी जागी केली. टोपडू कड्यावर उभा. खांदे वर, खांदे खाली. मी कंट्रोलर मांडीवर घेतला. चालायची घुंडी कुठली आणि बघायची कुठली, हे मी लेकीकडून दोनदा ऐकलं होतं आणि दोन्ही वेळा विसरलो होतो. चुकीची दाबली तर त्याच्यासमोर येऊन आतलं काळं दिसेल. दिसलं तर दिसलं. त्यात काय आहे ते आता मला माहीत होतं. मी श्वास घेतला, सोडला, आणि डावीकडची घुंडी अंगठ्याने पुढे ढकलली.

कर्र, कर्र, कर्र.

खडीवरची पावलं. घरभर वाजली. इतके दिवस मी त्याला जागचा हलू दिला नव्हता, आणि हा आवाज मी स्वतःच बंद करून ठेवला होता, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. आतमध्ये काहीतरी भांडं आपटलं. लेक दारात येऊन उभी राहिली, हात ओले, माझ्याकडे न बघता आधी हिच्या खुर्चीकडे बघत. मग माझ्याकडे. मी म्हटलं, "ये, बस." ती जमिनीवर बसली. कड्याच्या बाजूने खरंच एक वाट खाली उतरत होती, हिचा अंदाज बरोबर होता. टोपडू धडपडत उतरला, दोन ठिकाणी दगडाला अडकला, कारण चालवणारा मी होतो. खाली पाण्याशी वाट फुटत होती, एक डावीकडे झाडांत, एक उजवीकडे वाळूवरून. जिन्यात कुणीतरी ओरडलं, "पाच मिनिटांत बंद करतोय हो!"

"डावीकडे की उजवीकडे, बाबा?" लेकीने विचारलं. "तुमच्या जावयाला माहीत असेल बघा. फोन लावू?"

"नको," मी म्हटलं. "विचारायचं नाही."

आणि वाळूवर वळलो. तिथे पावलं मऊ वाजत होती.